कच्चा रंग, पक्का रंग

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, मी माझ्या चित्रवहीत एक चित्र काढले. अंगणात नुकते ऊन उतरले होते. वडील तुळशीवृंदावनाच्या ओट्याला टेकून बसले होते आणि त्यांच्या पायाशी आदल्या रात्रीच्या विझलेल्या पणत्या होत्या. चित्र अवघे वीतभर. वडिलांची आकृती मी गेरूने आणि काजळाने काढली आणि अंगणातले ऊन हळदीने. ऊन असे काही उतरले की माझे मलाच कौतुक वाटले. मी ते पान वहीतून सोडवले आणि टेबलासमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या कडेला, चिकटवून टाकले.

श्रावणात वडील गेले. त्यानंतर कित्येक दिवस त्या भिंतीकडे पाहण्याचा मला धीर होईना. गणपती उठल्यावर एका सकाळी टेबल आवरताना नजर वर गेली आणि मी चपापलो. चित्रातले ऊन नाहीसे झाले होते. अंगण कोरे, वृंदावनाच्या मागचे आकाश कोरे. वडील मात्र होते तसेच बसले होते.

आईला हाक मारून मी पान दाखवले. तिने ते हातात घेतले, खिडकीकडे पाहिले आणि म्हणाली, “हळद लावलीस ना? अरे, हळदीचा डाग पडला तर आम्ही लुगडे उन्हात टाकतो. दोन दिवसांत डाग उडतो. कच्चाच रंग तो. मला विचारायचेस.”

मी कित्येक वर्षे मुलांना शिकवतो आहे. पण आमच्या परसातल्या दोरीवर रोज वाळत पडणारी ही विद्या मला ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून कच्चा रंग कोणता नि पक्का कोणता, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. त्याचा माग काढता काढता मी बराच दूर गेलो. तो प्रवास या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

आधी चित्रवहीची हकिगत सांगतो. चित्रकलेत माझी मजल शाळेतल्या ग्रेड परीक्षेपलीकडे गेलेली नाही. तीन वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने रंगाची वडी हातात धरून विचारले, “गुरुजी, हा रंग कशाचा करतात?” मला उत्तर देता येईना. लाल, निळा, पिवळा ही नावे सांगण्यात आयुष्य गेले, पण त्यांची कुळे माहीत नाहीत! तेव्हापासून मी घरीच रंग करू लागलो आणि त्या रंगांनी रोज एक लहानसे चित्र काढू लागलो. कधी खिडकीतला शेवगा, कधी चुलीवरचे भांडे, कधी परीक्षेच्या वेळी खाली घातलेल्या मुलांच्या माना.

जलरंगाचे मूळ तत्त्व फार साधे आहे. रंगीत पूड, ती कागदाला धरून ठेवणारा डिंक आणि दोहोंना एकत्र आणणारे पाणी. किराणा दुकानातून गेरूचे ढेकूळ आणावे, फोडून पाण्यात भिजत घालावे, चांगले ढवळावे आणि क्षणभर थांबावे. खडा आणि वाळू तळाशी बसते. वरचे लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते रात्रभर निवळू द्यावे. सकाळी खाली जो साका बसतो तो खरा गेरू. असे तीनदा केले की बोटाला लोण्यासारखा लागतो. मग बाभळीच्या डिंकाचे पाणी घालून तो खलात घोटायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला पुसून येतो, जास्त झाला तर चकाकतो आणि त्याला भेगा पडतात. चार थेंब मध घातला की रंग अगदी कोरडाठक होत नाही, आणि लवंगेच्या तेलाचा एक थेंब घातला की बुरशी धरत नाही. शेवटी तो तिसऱ्यांच्या शिंपल्यांत भरून सावलीत वाळवायचा. डिंक, मध, लवंग पाहून आईला प्रथम वाटले होते, मी लाडू वळायला बसलो आहे!

यात माझे असे काहीही नाही. शिंपल्यांत रंग ठेवणे ही आपल्याकडील जुन्या चित्रकारांची रीतच होती. गेरू, हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळ, जंगाल हे त्यांचे सोबती. पैकी हिंगुळात पारा आणि हरताळात सोमल, म्हणून त्यांच्या वाटेला मी जात नाही. तांब्यापासून होणारा जंगाल दिसायला देखणा, पण पुढे कागदच खातो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर रामायण-महाभारतातल्या कथा चित्रे दाखवून सांगत. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. पैठणी शैलीची म्हणून ओळखली जाणारी तशी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. त्यांचे रंग अजून ठसठशीत आहेत. एक तर मातीचे आणि दगडाचे रंग मुळातच चिवट, आणि दुसरे, बांधून ठेवलेल्या पोथीला रोजचे ऊन कुठले लागणार! माझे चित्रही वहीतच मिटून राहिले असते तर त्यातली हळद कदाचित अजून दिसली असती.

आता आपण सवाई माधवरावांच्या पुण्यात जाऊ. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा एक मराठी चित्रकार काम करीत होता. आडनावावरून घराणे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचे असावे असे वाटते, पण या तांबटाच्या हातात हातोडीऐवजी कुंचला आला. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथला गेंडा त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये काढला. त्याची छापील प्रत मी पाहिली आहे. गेंड्याच्या कातडीची घडी न् घडी त्याने अशी टिपली आहे की समोर बसल्याखेरीज ते साधणार नाही. पुढे १७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे आपल्या परिचयाची आहेत. मॅलेट आणि वेल्स यांच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रशिक्षण महाराष्ट्रात सुरू झाले ते असे, पेशवाईत आणि पेशव्यांच्याच वाड्यात. कलाशिक्षणाचा आपला इतिहास आपण मुंबईच्या जे. जे. स्कूलपासून, म्हणजे १८५७ पासून, मोजतो. त्याच्या साठाहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट.

पण ही शाळा अल्पायुषी ठरली. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अंत झाला आणि नोव्हेंबरात साष्टीत तापाने वेल्स वारला. तांबटाने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली होती. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या कलकत्त्याच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात, १७९९ मध्ये, मॅलेटचा वेरुळावरील लेख प्रसिद्ध झाला. त्यात मॅलेटने गंगारामाचे नाव घेतले आहे. त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. कारण १८०३ मध्ये लंडनला वेरुळाच्या चोवीस दृश्यांचा जो देखणा ग्रंथ निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर नावे आहेत ती जेम्स वेल्स आणि टॉमस डॅनिएल यांची. तांबटाचे नाव तिथे नाही. त्याची पुष्कळशी चित्रे आज अमेरिकेत न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात, जपून ठेवलेली आहेत. कागद राहिला, रंग राहिला, नाव मात्र कसेबसे राहिले. रंगासारखी नावेही कच्ची आणि पक्की असतात की काय, असे मला ते वाचताना वाटून गेले.

तांबट पुण्यात गेंडा काढीत होता त्याच सुमारास लंडनमध्ये एक लहानशी क्रांती होऊन गेली होती. तोवर तिकडचा चित्रकारही रंगाच्या पुडी आणून घोटत बसे, किंवा त्यासाठी शागीर्द ठेवी. विल्यम आणि टॉमस रीव्ज या भावांनी जलरंगाच्या तयार वड्या केल्या. पाण्याच्या थेंबात घासली की रंग सुटे. १७८१ मध्ये तिथल्या कलासंवर्धक सोसायटीने, ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने, त्यांना या शोधाबद्दल रुपेरी रंगफळी बक्षीस दिली. पुढे १८३२ मध्ये विन्सर आणि न्यूटन या दोघांनी दुकान काढले आणि तीनेक वर्षांत ग्लिसरीन घातलेल्या ओलसर वड्या बाजारात आणल्या. त्या घासाव्याही लागत नसत, ओला कुंचला टेकवला की पुरे. १८४१ मध्ये जॉन रँड या लंडनवासी अमेरिकन चित्रकाराने मऊ धातूच्या दाबनळीचे पेटंट घेतले आणि काही वर्षांत जलरंगही नळीत जाऊन बसला.

या सोयीला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. रोजच्या चित्रवहीला खरे पाय फुटले ते या वड्यांमुळे. पाटा, खल, डिंकाचे भांडे घेऊन डोंगर कोण चढणार? खिशात मावणारी पेटी आली आणि सैनिक, दर्यावर्दी, वनस्पती गोळा करणारे, घरी कंटाळलेल्या बाया, सगळेच रोज काही ना काही रंगवू लागले. इंग्रजीतल्या गमतीच्या पद्यांचा कर्ता एडवर्ड लिअर हा धंद्याने निसर्गचित्रकार. १८७३ च्या नोव्हेंबरात, साठी उलटल्यावर, तो मुंबईस उतरला आणि वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानभर हिंडला. पुण्यातही त्याचा मुक्काम झाला. तो रोज टिपण लिही आणि चित्रे काढी. त्याची पद्धत मोठी मौजेची होती. समोरचे दृश्य पेन्सिलीने भराभर उतरवायचे आणि चित्रातच जागोजागी रंगांची नावे लिहून ठेवायची. मग मुक्कामी परतल्यावर सावकाश शाई आणि रंग भरायचे. त्याच्या चित्रांत ही अक्षरे अजून तशीच दिसतात. त्या अक्षरांकडे मला पुन्हा यायचे आहे.

तयार पेटीने एक गोष्ट मात्र झाकली. रंग कुठून आला, हे पेटी सांगत नाही. निळ्याचेच पाहा. अस्सल निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या लाजवर्दाचा. युरोपात तो सोन्याच्या तोलाचा समजत. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये एक कारागीर लाल रंग करायला बसला असता, क्षारात भेसळ निघाल्याने हाती निळा आला. तोच ‘प्रशियन ब्लू’. लाजवर्दाला कृत्रिम पर्याय मिळावा म्हणून फ्रान्समधील एका संस्थेने सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या गृहस्थाने पटकावले. बघता बघता तो रंग इतका स्वस्त झाला की लोक धुतलेल्या कपड्यांना नीळ म्हणून देऊ लागले! राजेरजवाड्यांच्या पोथ्यांतला निळा आमच्या धोतरापर्यंत आला तो असा. झाडाची नीळ निराळी. तिच्या लागवडीच्या जुलमापायी १८५९ मध्ये बंगालचा शेतकरी उठला आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले.

पिवळ्याची कथा तर याहून नवलाची. हिंदुस्थानातून ‘पिउरी’ नावाचे उग्र वासाचे पिवळे गोळे विलायतेस जात. राजस्थानी आणि पहाडी चित्रांतही तो रंग आहे. तो कशाचा, याचा थांग तिकडे कुणाला लागेना. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी या बंगाली गृहस्थांनी बिहारात मोंगीरजवळच्या मिर्झापूर खेड्यात जाऊन शोध घेतला आणि लंडनच्या त्याच सोसायटीला पत्राने कळवले. तिथले गवळी गाईंना आंब्याची पाने खाऊ घालीत, त्यांचे मूत्र धरून आटवीत आणि त्या साक्याचे गोळे वळीत. नुसत्या पानांवर राहून गाई खंगत. विसाव्या शतकाच्या आरंभी हा धंदा संपला. पुढे मुखर्जींच्या हकिगतीवरच शंका घेतल्या गेल्या. पण त्यांनी पाठवलेले नमुने क्यू येथील वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात राहिले होते. अलीकडे त्यांची रासायनिक तपासणी झाली आणि ती मुखर्जींच्या बाजूने गेली. एखाद्या राजपुत्राच्या अंगावरचा केशरी-पिवळा जामा पाहताना त्यामागे अशी उपाशी गाय उभी असेल, हे कुणाच्या मनात येईल?

आणि मग माझा मूळ प्रश्न. टर्नर हा इंग्लंडचा नामांकित चित्रकार उडून जाणारे रंग बेधडक वापरी. अशी आख्यायिका सांगतात की, रंग विकणाऱ्या विन्सरने त्याबद्दल हटकले तेव्हा टर्नरने त्याला स्वतःच्या कामापुरते पाहायला बजावले. रंग करणे त्याचे काम, वापरणे आपले! हात आणि रंग यांची फारकत झाल्यावरचे हे बोल. पुढे चित्रशाळांतली जलरंगचित्रे फिकी पडू लागल्याची ओरड झाली, तेव्हा सरकारने रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांना चौकशीस बसवले. त्यांनी कागदावर रंगांचे पट्टे ओढून ते उजेडात ठेवले आणि १८८८ मध्ये अहवाल दिला. उजेडाने रंग जातात, काही लवकर, काही उशिरा, आणि काही मुळीच जात नाहीत, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. गेरूसारख्या मातीच्या रंगांना काही होत नाही, काजळाला होत नाही. किरमिजासारखे जिवापासून काढलेले रंग झपाट्याने विटतात. अहवाल वाचताना मला हसू आले. हे पट्टे आमच्या घरच्या वाळत घालायच्या दोरीवर पिढ्यान्‌पिढ्या लागत आले होते. फक्त त्यांचा अहवाल कुणी लिहिला नव्हता.

म्हणून हाताने रंग करण्यात जुन्याची हौस आहे, असे मी म्हणणार नाही. पेटीतला रंग पुष्कळदा माझ्या रंगाहून टिकाऊच असतो आणि हल्ली तो किती टिकेल हे त्याच्यावर छापलेलेही असते. पण गेरू तीनदा निवळून घेतला, काजळ घोटता घोटता मनगट दुखले, की त्या रंगाचा स्वभाव कळतो. तो कुठे बसेल, कुठे फुटेल, कुणाच्या जिवावर आला आहे, हे हाताला समजते. डोळ्यांनी वाचून मला जे समजले नसते, ते हळदीने मला भिंतीवर शिकवले.

आपल्याकडच्या एका जलरंगचित्राचा उल्लेख केल्यावाचून दिवाळीत राहवत नाही. सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हातातल्या समईवर आडवा तळवा धरून उभ्या असलेल्या तरुणीचे चित्र पुष्कळांच्या घरी छापील रूपात असेल. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रकाराची कन्याच त्यासाठी उभी राहिली होती. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले, तरी हा समज जात नाही! आणि ते तैलचित्र समजणारे तर त्याहून अधिक. तैलरंगात काळोखावर मागाहून उजेड चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड आधीच राखून ठेवावा लागतो, तो म्हणजे न रंगवलेला कागद. एकदा काळोख तिथे गेला की उजेड परत आणणे जवळजवळ अशक्य. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो उजेड पाहताना पाण्याच्या रंगात हे केले आहे, यावर विश्वास बसत नाही.

परवा धनत्रयोदशीच्या तयारीत आई पणत्या भिजत घालत होती. मी वडिलांचे ते पान घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हटले, “पिवडी आणली आहे, भिंतीला लावायची पिवळी माती. निवळून घेतली आहे. ती पक्की असते. कोऱ्या जागेत पुन्हा ऊन भरू का?”

तिने पान हातात घेऊन बराच वेळ पाहिले. चित्रातल्या काळ्या रेघांवरून तिने बोट फिरवले. ते काजळ गेल्या दिवाळीला वडिलांनीच धरले होते. पणतीवर पितळी ताटली उपडी घालून रात्रभर जमवलेले. काजळ तेलकट, पाण्यावर तरंगते, लवकर भिजत नाही. माझा धीर सुटला तेव्हा “दे इकडे” म्हणून त्यांनी खल मांडीशी ओढला आणि डिंकाचे पाणी थेंबथेंब घालीत दुपारभर घोटले. त्याचा अर्धा शिंपला अजून माझ्याकडे उरला आहे.

“राहू दे,” आई म्हणाली. “ऊन काय, रोज येते. ते नीट बसले आहेत ना, मग झाले.”

मी पिवडीचा शिंपला मिटून ठेवला. लिअरसारखे एक मात्र केले. चित्राच्या खाली बारीक अक्षरांत लिहिले: गेरू, घरी निवळलेला. हळद, उडाली. काजळ, वडिलांनी घोटलेले. मग ते पान वहीत परत शिवले आणि वही फडक्यात बांधून कपाटात ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणतीवर ताटली मी उपडी घालणार आहे. या वर्षी खल माझ्याकडे आहे.